सलामीचा धूर

सकाळी शोरूमचं शटर वर गेलं की मास्तरांचं पहिलं काम ठरलेलं. त्या दिवशी ज्यांच्या गाड्या द्यायच्या त्यांचे फॉर्म काढायचे आणि एकवीसच्या एकवीस चौकोनांत बरोबरच्या खुणा करून टाकायच्या. ब्रेक समजावले, बरोबर. टायरांचा दाब समजावला, बरोबर. चाकं घसरू न देणारी यंत्रणा समजावली, बरोबर. गिऱ्हाईक अजून घरी आंघोळ करत असायचं आणि इकडे कागदावर त्याला सगळं समजलेलं असायचं.

त्यांना मास्तर म्हणत ते उगीच नव्हे. अठरा वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माणसं शिकवली होती. क्लचवरचा पाय कुणी झटकन सोडला, तर त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला लावणारे मास्तर. पुढे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी या शोरूममध्ये गाड्या ताब्यात देण्याचं काम धरलं. इथल्या गाड्या साडेचारशे अश्वशक्तीच्या, सगळा जोर मागच्या चाकांवर. एक गाडी समजावायला दीड तास लागेल, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर हसून म्हणाला, मास्तर, लोक इथं गाडी न्यायला येतात, शाळेत नाही. दोन-तीनदा वाद झाला, मग मास्तर गप्प झाले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

शोरूमची आणखी एक रीत होती. किल्ली हातात पडली की नव्या मालकानं दारापुढच्या मोकळ्या जागेत ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्या पायानं ॲक्सिलरेटर द्यायचा. मागची चाकं जागच्या जागी फिरायची, पांढरा धूर निघायचा, घरची माणसं टाळ्या वाजवायची आणि व्हिडिओ काढायची. याला सगळे ‘सलामी’ म्हणत. नंतर फरशीवरचे काळे पट्टे रॉकेलनं घासायचं काम झाडलोट करणाऱ्या मावशींचं. घासता घासता त्या म्हणायच्या, माणसं गाडी चालवायला घेतात म्हणे, ही तर नाचवायला घेतात. मास्तर ते हसण्यावारी न्यायचे.

त्या मंगळवारी दाताचा डॉक्टर आला. पस्तिशीचा, आजवर छोटीशी गाडी चालवलेला. सोबत बायको, आई आणि चार मित्र. उत्साह बघाल तर सगळ्यात जास्त मित्रांचा. फॉर्मवर सही करून झाल्यावर तो मास्तरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “मास्तर, मला जरा नीट शिकवाल का? खरं सांगायचं तर हिची भीती वाटते मला.”

किती दिवसांनी कुणीतरी शिकवा म्हणालं होतं. मास्तरांनी खुशीत गाडीचं दार उघडलं. तेवढ्यात लांबून मॅनेजरनं मनगटावर बोट आपटलं; बाराला दुसरी गाडी द्यायची होती. मित्रांचे मोबाइल वर झाले होते. आत पुस्तक आहे, घरी निवांत वाचा, असं म्हणून मास्तरांनी डॉक्टरला आत बसवलं, खिडकीतून हात घातला आणि ती चाकं सांभाळणारी यंत्रणा बंद करायचं बटण स्वतःच दाबलं.

धूर निघाला तसा डॉक्टर दचकला. दचकलेला माणूस पाय उचलतो. यानं ब्रेकवरचा उचलला, दुसरा तसाच राहिला. गाडी सुटली, मागून गर्रकन फिरली आणि बादली घेऊन खांबाशी उभ्या असलेल्या मावशींवर जाऊन आदळली. दुसऱ्या दिवशी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मॅनेजरनं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. फॉर्म चोख आहे, खाली सही आहे; आपण सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, विषय संपला. व्हिडिओतही मास्तरांची पाठ दिसत होती, हात दिसत नव्हता. घरी बायकोनं विचारलं, तुमच्यावर काही येणार नाही ना? मास्तर नाही म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला आणि हे भरल्या ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी फौजदारांनी बोलावलं. डॉक्टर आपल्या अंगावर ढकलणार हे मास्तर धरूनच चालले होते. त्यानं तसं केलं असतं तर बरंच झालं असतं, फॉर्म पुढे करायला तोंड राहिलं असतं. पण फौजदारांनी डॉक्टरचा जबाब वाचून दाखवला तो असा: “गाडी मी चालवत होतो. ती मला झेपणार नाही हे मला कळत होतं. चारचौघांत नको म्हणायची लाज वाटली. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला शिकवलं नाही, त्यानं त्यांना वाचवलं होतं.

“तुम्ही सगळं समजावलं होतं ना? तसं लिहिलंय इथं,” फौजदार म्हणाले.

“नाही साहेब. एक अक्षरही नाही. खुणा मी सकाळीच करून ठेवल्या होत्या. तो शिकवा म्हणत होता, आणि बटण मी दाबलं.”

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. नोकरी जाईल, शिवाय यानं डॉक्टर काही सुटत नाही, असं त्यांनी समजावून पाहिलं.

“त्यानं सुटू नयेच. ॲक्सिलरेटरवरचा पाय त्याचाच होता. पण मी सुटतोय साहेब. लिहून घ्या.”

नोकरी संध्याकाळच्या आतच गेली. मास्तर तिथून तडक हॉस्पिटलात गेले. त्यांना पाहताच मावशींनी घाईघाईनं चादर पायावर ओढली आणि उठून बसायची धडपड केली. “माझ्यामुळे केवढा घोळ झाला हो,” त्या म्हणाल्या. “मी तिथं मधे उभं राहायला नको होतं. त्या डॉक्टरची कोरी गाडी खराब झाली.”

पाय गेलेली बाई माफी मागत होती. आणि सलामीचा तो व्हिडिओ, शेवटचे चार क्षण कापून, एव्हाना शहरभर फिरत होता. धूर बघून लोक वाहवा करत होते. ती करणाऱ्यांत तुम्हीआम्ही नव्हतोच, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

मास्तर कॉटपाशी खाली बसले. त्यांनी फॉर्म, खुणा, बटण, सगळं सांगितलं. मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही. मावशींनी घट्ट धरलेली चादर हातातून सोडली.

“म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?”

“नाही. रागवा माझ्यावर, मावशी. काय वाटेल ते बोला.”

“बोलेन की. तीन दिवस मी स्वतःवरच रागावले होते, मास्तर. तो राग तिथून काढून तुमच्यावर आणायचा म्हणजे वेळ लागणार. तुम्ही बाहेर बसा.”

मास्तर बाहेर येऊन बाकावर बसले. भेटायची वेळ संपल्याचं नर्सनं दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मला आत बोलावणं येणार आहे, आणि तिथंच बसून राहिले.