बोलत राहा, बघू नका

आमचे हे, म्हणजे भाऊसाहेब, व्हायोलिन फार सुंदर वाजवतात. हे जगात फक्त मला माहीत, आणि मलाही ते दाराला कान लावून कळलेलं. लग्न झाल्यापासून हा माणूस बेडरूमचं दार लावून, वर कूलर सुरू करून वाजवतो. दिल्लीच्या डिसेंबरात कूलर! समोर कुणी ऐकायला बसलं की हात लटपटायला लागतात, संपलं. मीसुद्धा समोर बसलेली चालत नाही. आता मला सत्तरी येईल. एकदा तरी आपल्या नवऱ्याला समोर बसून ऐकावं, एवढंच माझं मागणं होतं. आणि मागणं सोडून देणारी बाई मी नव्हे. केंद्र सरकारात नोकरी केलीये, अडलेली फाईल कशी हलवायची ते मला कुणी शिकवू नये.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे, नचिकेतकडे, स्कॉटलंडला गेलो होतो. तो आम्हाला एका बेटावर घेऊन गेला. बेटाचं नाव मल. हसू नका, माझं हसून झालंय. संध्याकाळी बोचरा वारा सुटला म्हणून एका पबमध्ये शिरलो. पब म्हटल्यावर मी नाक मुरडूनच आत गेले, आणि बघते तर काय, बुटकं छत, शेकोटी, टेबलाखाली झोपलेलं कुत्रं, सूप पीत बसलेल्या आज्या. शेकोटीजवळचं टेबल रिकामं होतं. दिल्लीकराला रिकामी जागा दिसल्यावर तो विचारतो कशाला? बसलो. थोड्या वेळाने चार-पाच जण फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि अकॉर्डियन घेऊन आले आणि आमच्या आजूबाजूलाच बसले. ते टेबल वाजवणाऱ्यांचं होतं! मी ओशाळून उठायला लागले, तर म्हणाले, बसा बसा.

आणि वाजवणं तरी कसं! स्टेज नाही, माइक नाही. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. लोक आपले खातायत, पितायत, मेंढ्यांच्या भावावरून हुज्जत घालतायत. कुणी ढुंकून बघत नाही. हे माझ्या कानात म्हणाले, "अगं, हा तर आपला भूप!" मी नचिकेतबरोबर काउंटरवर जेवण सांगायला गेले आणि गर्दीतून आवाज आला. दाराआडून ऐकलेला, माझ्या ओळखीचा. शेजारच्या बाईने स्वतःचं फिडल ह्यांच्या हातात दिलं होतं आणि ती निवांत सूप पीत होती. मी धावत आले. मला बघितलं आणि ह्यांनी फिडल परत केलं. काय वाटलं असेल मला? रडू आलं, दुसरं काय.

परतीच्या बोटीवर हे म्हणाले, "तिथे कुणी बघत नव्हतं गं. दिल्लीत हे व्हायचं नाही."

व्हायचं नाही म्हणजे काय!

दिल्लीला, मयूर विहारला परत आल्यावर थंडीत मी सोसायटीचा हॉल घेतला आणि तिथल्याच मराठी मंडळाच्या हरिदासभाऊंना सांगितलं, आपल्याला पब करायचाय.

"वहिनी, सोसायटीत दारू?"

"दारू नाही हो. टोमॅटोचं गरम सार आणि बटाटेवडे. बाकी सगळं तस्संच. कुणी काही आणा, वाजवा, गा. फक्त ऐकायचं नाही."

"ऐकायचं नाही?"

"बिल्कुल नाही. गप्पा मारायच्या. वाजवणाऱ्याकडे पाठ."

हरिदासभाऊ मान डोलावून गेले आणि रविवारी माइक, बॅनर, शाल आणि नारळ घेऊन हजर! माइक आणि बॅनर परत पाठवले, नारळ किचनमध्ये दिला, शाल मीच पांघरली. थंडी होती. खुर्च्या गोल मांडल्या. कुणीतरी बासरी वाजवली, शेजारच्या सुरेखाने हार्मोनियमवर दोन गाणी म्हटली, लोक वडे खात बडबडत होते. झकास चाललं होतं. तेवढ्यात ह्यांनी पेटी उघडून व्हायोलिन बाहेर काढलं.

आणि सगळा हॉल चिडीचूप! आपल्या लोकांना वाजवणाऱ्याचा मान ठेवायची खोड ना! वडे खाली ठेवले, खुर्च्या वळवल्या, हात जोडल्यासारखे बसले. हरिदासभाऊंनी तर डोळेच मिटले. ह्यांनी गज खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि व्हायोलिन परत पेटीत ठेवायला वाकले.

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले.

"हरिदासभाऊ, तुमची पांढरी गाडी रोज माझ्या पार्किंगमध्ये कुणाला विचारून लावता?"

त्यांनी खाडकन डोळे उघडले. "वहिनी, आत्ता?"

"आत्ताच! आणि सुरेखा, तुझ्या पाहुण्यांची ती स्कूटर?"

झालं! दिल्लीत पार्किंगचं नाव काढल्यावर कोण गप्प बसतो? "अरे यार, पहले इनकी सुनो" इथपासून सुरुवात झाली. हरिदासभाऊ उभे राहिले, सुरेखा हार्मोनियम सोडून आली, सगळ्यांनी मला घेरलं. ह्यांच्याकडे सगळ्यांची पाठ. मी ह्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. जीव तुटत होता, पण बघितलं नाही.

त्या गदारोळात मागून सूर लागला. भूपच. आधी चाचपडत, मग मोकळा. मी आणखी आवाज चढवला. ऐकायला मिळेना मला काही, पण म्हटलं मरू दे, वाजवतायत ना! आधी हरिदासभाऊ बोलता बोलता थांबले. मग सुरेखा. एकेक जण मागे वळायला लागला. मी घाबरले. आता हे बघतील, आता थांबतील! मी एकटीच ओरडत राहिले, "गाडीचं बोला! गाडीचं काय ते बोला!"

"हेमा," गज न थांबवता हे म्हणाले, "जरा गप्प बस ना. ऐकू दे लोकांना."

मी गप्प बसले. खुर्ची ओढून अगदी त्यांच्या पुढ्यात घेतली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते थांबले नाहीत.