सुंदराबाईंनी बांधलेली घंटा

मित्रांनो, माझी गोष्ट सांगायला मी आजवर टाळाटाळ करत आले, कारण तिच्यात कौतुक थोडं आणि लाज फार आहे. पण आता एकोणनव्वद साल उजाडलं. माझ्या सीटवर एक कोंबडी रोज अंडं घालते आणि मागच्या फळीवर भुशाची रिकामी पोती टाकलेली असतात. माझ्यासारख्या जुन्या बॅटरीच्या गाडीला यापुढे अब्रू कसली राखायची आहे? म्हणून सांगून टाकते.

माझा जन्म अंधेरीला, मरोळच्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. मला बनवणारे चंद्रप्रकाश मिस्त्री मूळचे कुडाळचे. गिरणीत ते विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे. गिरणी बंद पडली तेव्हा हातात कसब होतं आणि काम नव्हतं. मग त्यांनी पाण्याच्या पायपांचा सांगाडा जोडला, स्कूटरची तीन चाकं लावली, भंगारातल्या एका माल उचलायच्या यंत्राची मोटार बसवली आणि सीटखाली ट्रकच्या चार बॅटऱ्या ठेवल्या. त्यांचा मेहुणा नंदू रोज येऊन स्टुलावर बसायचा आणि हसायचा.

"भावोजी, ही गाडी पुण्याक जातली?"

"पुण्याक जावक येष्टी आसा," मिस्त्री म्हणायचे. "ही आपली हयल्या हय फिरतली."

हे वाक्य मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. इथल्या इथे फिरणारी! मला वाटायचं, मी विजेची, नव्या जमान्याची. माझी झेप मोठी असायला हवी. मित्रांनो, माझ्या लाजेचं मूळ या हावरेपणात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

मिस्त्रींनी मला आरे कॉलनीत काशीरामशेठ यांच्या तबेल्यावर कामाला लावलं. दोन वर्षं वापरून बघा, पटलं तर ठेवा, असं ठरलं. माझे चालक होते भाऊराव. साताऱ्याकडचे, तिशीतले, बोलायला कमी आणि हाताला हलके. सकाळी पेंडीची पोती, मग रिकामे कॅन, मग जनावरांच्या डॉक्टरांची पेटी, दुपारी गवत. गोठ्यापासून नाक्यापर्यंत आणि नाक्यावरून पुन्हा गोठ्यापर्यंत. दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मिळून वीस किलोमीटरही होत नसत. एकदा पोट भरलं की मी चाळीस जात असे. म्हणजे संध्याकाळी खुंटीवरची वायर लावायची, सकाळी काढायची, आणि बॅटरीत पाणी कमी झालं तर बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं. झाली माझी चाकरी.

आधी याच कामाला एक टेंपो होता. शंभर पावलं जायचं, थांबायचं, पुन्हा किक मारायची. निम्मं पेट्रोल नुसतं उभ्या उभ्या जळायचं, आणि धुरानं म्हशी तोंड फिरवायच्या. माझा वेग म्हणाल तर उतारावर सायकलवाला मला मागे टाकायचा. पण तबेल्याच्या कामाला वेग लागतो कुणाला? पेंडीच्या पोत्याला कुठली घाई असते? चार महिन्यांत काशीरामशेठनी टेंपो विकून टाकला. हे खरं कौतुक होतं, पण मला ते कळलं नाही.

माझ्यात एक खोड मात्र होती. मला आवाज नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक शेळी माझ्या चाकाखाली येता येता वाचली. त्या वेळी रस्त्याच्या कडेला सुंदराबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, उतारावरचं गवत कापून तबेल्याला पुरवणाऱ्या. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा असायचा की त्याच्या काड्या खांद्यापर्यंत लोंबायच्या. त्यातून त्यांना समोरचं दोन हात दिसायचं, बाजूचं काहीच नाही.

"भाऊराव, तुझी गाडी मांजरागत येती की रं," त्या म्हणाल्या. "आमी बाया कानानं रस्ता वलांडतो. टरक आला तर आइकू येतो. हिचं काय करायचं?"

"हॉर्न आहे मावशी."

"तू मला बगशील तवा हॉरन मारशील. झाडीतनं येणारी मी तुला दिसनार कशी?"

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईंनी पदराच्या गाठीतून एक पितळी घंटा काढली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बैल विकला आणि मुलीला घेऊन मुंबई गाठली, तेव्हा ही एवढी घंटा त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्वतः ती सुतळीनं माझ्या हँडलखाली बांधली, हातानं हलवून पाहिली आणि भारा उचलून निघून गेल्या.

तेव्हापासून मी चालले की घंटा वाजायची. गवतवाल्या बाया पायवाटेच्या तोंडाशी थांबायच्या, मी गेले की रस्ता ओलांडायच्या. शेळ्या बाजूला व्हायच्या. सगळ्यांची सोय झाली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

कारण गोरेगावच्या स्टुडिओंतल्या गाड्या शूटिंगसाठी आमच्या रस्त्यावर यायच्या. एकदा एका लांबलचक लाल गाडीचा चालक काच खाली करून भाऊरावांना म्हणाला, "काय यार, बैल कुठे बांधला?" त्याच्या शेजारचे सगळे हसले. भाऊरावही हसले. त्यांना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून घंटेवर डूख धरला. प्रत्येक खड्ड्यात वाटायचं, आता सुतळी तुटेल. पण सुंदराबाईंची गाठ ती. सहजी सुटणारी नव्हती.

दीड वर्षानं, शहाऐंशीच्या डिसेंबरात, मिस्त्रींचं नशीब उघडायची वेळ आली. पवईच्या बाजूच्या एका कारखान्याला आवारातल्या आणि जवळपासच्या कामाला अशा बारा गाड्या हव्या होत्या. तिथले दोन साहेब मला बघायला येणार होते. बारा गाड्या म्हणजे मरोळचा गाळा दोन वर्षं चालला असता. मिस्त्री आदल्या दिवशीच आले. मला धुतलं, निळा रंग दिला, नट आवळले. नंदूही आला होता. त्याची नजर घंटेवर गेली.

"भावोजी, सायबांक गाडी दाखवतलास आणि गळ्यात बैलाची घंटा? हसतले ते."

भाऊराव लगेच म्हणाले, "मिस्त्री, राहू दे ती. बाया तिच्यावर थांबतात."

मिस्त्री घुटमळले. त्यांनी घंटेकडे पाहिलं, माझ्या ताज्या रंगाकडे पाहिलं. मग भाऊरावांना म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे रे. उद्या संध्याकाळी परत बांध."

नंदूनं गाठ सुटेना म्हणून सुतळी कापली. घंटा फडक्यात गुंडाळून सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत टाकली, आणि आत वाजू नये म्हणून तिच्यात बोळा कोंबला. मित्रांनो, सगळ्यांत लाजेची गोष्ट आता सांगते. त्या वेळी मला आनंद झाला. मी रात्रभर मनातल्या मनात मिरवले.

सकाळी साहेब आले. दोघे मागच्या फळीवर बसले, नंदू पुढे भाऊरावांच्या शेजारी. मिस्त्री नाक्यावर वाट बघत थांबले. मी निघाले ती पाण्यासारखी. उतार लागला. चिंचेच्या वळणाआधी एक साहेब दुसऱ्याला म्हणाला, "कमाल आहे. गाडी चाललीय याचा पत्तासुद्धा लागत नाही."

मी ते ऐकलं आणि फुलून गेले.

चिंचेपाशी झाडीतून एक पायवाट रस्त्याला मिळते. सुंदराबाई तिथे रोजच्यासारख्या थांबल्या असणार, त्यांनी कान दिला असणार. ट्रक नाही, घंटा नाही. म्हणून त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं. भाऊरावांनी ब्रेक दाबला, हॉर्न दाबला, हँडल वळवलं, पण माझं पुढचं चाक त्यांच्या पायावर गेलंच. भारा सुटला आणि सगळ्या रस्त्यावर हिरवं गवत पसरलं. धक्क्यानं हत्यारांची पेटी उघडली. पाने, पकड, फडकं सगळं खाली सांडलं. बोळा निसटला आणि ती घंटा डांबरावरून वाजत वाजत सुंदराबाईंपर्यंत गेली.

गवतात पडलेल्या सुंदराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दात आवळून त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ता वाजती व्हय?"

साहेब भले होते. आपल्या मोटारीतून त्यांनीच सुंदराबाईंना दवाखान्यात नेलं. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. जाताना साहेब मिस्त्रींना म्हणाले, "आवाज नसलेली गाडी आमच्या कामगारांमध्ये नको." बारा गाड्यांचं तिथेच संपलं. मिस्त्रींनी मान हलवली. घंटेबद्दल त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

तबेल्यावर काशीरामशेठनी विचारलं तेव्हा नंदू म्हणाला की भाऊरावांनी गाडी जोरात सोडली होती. मी जोरात! उतारावरही सायकलपेक्षा हळू चालणारी मी! भाऊरावांनी घंटेचं सांगितलं. पण शेठ म्हणाले, "घंटा नाही म्हणून पाय मोडला? मग ब्रेक कुणी मारायचा?" भाऊरावांचं काम गेलं. घरी बायको, दोन लेकरं. जाताना त्यांनी खुंटीवरची वायर मला लावली, बॅटऱ्यांतलं पाणी तपासलं आणि घंटा पुसून माझ्या सीटवर ठेवली. एकवार शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

आठ दिवस मी उभी होते. वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं की त्यांची चूक नाही. मिस्त्रींना वाचा होती, पण तेही गप्प होते. दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेले.

नवव्या दिवशी सुंदराबाई आल्या. पायाला प्लास्टर, एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला मुलगी शकू. त्या दिवशी मिस्त्री मला परत न्यायला आले होते, नंदूही होता. सुंदराबाई पोत्यावर टेकल्या आणि शेठना म्हणाल्या, "भाऊरावला का काढलं?"

"तुझ्याच पायासाठी ना बाई."

"माझा पाय भाऊरावनं न्हाई मोडला. मी घंटा आइकायला हुबी ऱ्हायले, ती आली न्हाई. जो रोज घंटा वाजवत येतो त्यानं ती आपल्या हातानं काढली आसंल, आसं मला वाटत न्हाई. कुणी काढली, त्यो इथं आसंल तर बोलंल."

नंदू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. शेवटी मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, मी काढू दिली. भाऊराव नको म्हणाला होता. आठ दिवस बोललो नाही, ही त्याहून मोठी चूक." एवढं बोलून ते खाली बसले.

काही वेळानं शेठनी भाऊरावांना बोलावणं धाडलं. आल्या आल्या भाऊरावांनी घंटा पुन्हा माझ्या हँडलखाली बांधली. मिस्त्रींनी मला परत नेलं नाही. "गाडी राहू दे इथेच, बाईंच्या कामाला," ते म्हणाले. ते गाळ्यात पंखे नि मोटारी दुरुस्त करत राहिले. दुसरी गाडी त्यांनी बनवली नाही.

मीही त्या चोरीत सामील होते, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींना निदान टोपी काढता आली.

हाड जुळलं, पण सुंदराबाईंना पुन्हा डोक्यावर भारा पेलला नाही. मग त्या उतारावर बसून गवत कापायच्या आणि भाऊराव मला चिंचेपाशी उभी करायचे. गवत माझ्या फळीवर, सुंदराबाई भाऊरावांच्या शेजारी. तिथून तबेला जेमतेम एक किलोमीटर. पण त्या एका किलोमीटरवर त्यांची चूल पेटत होती. इथल्या इथे फिरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगलं. रोज बसण्याआधी सुंदराबाई घंटेला बोट लावायच्या. वाजली की मगच पाय उचलायच्या. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. खात्री करून घ्यायच्या, बस. दोन वर्षं, रोज. दर वेळी मला धरणी दुभंगावी असं वाटायचं.

यंदा माझ्या बॅटऱ्या दमल्या. चारही एकदम बदलायला हव्यात, आणि शेठचा मुलगा म्हणतो, नवा टेंपोच घेऊ. त्याचं त्याला ठाऊक. मित्रांनो, तुमच्या दारात उद्या माझ्यासारखी एखादी छोटी, गुपचूप गाडी आली तर तिच्याकडून पुण्याला जायची अपेक्षा धरू नका. बाजार, शाळा, दवाखाना, एवढं ती झकास करील. तिला वेळेवर पाणी द्या. आणि तिच्या गळ्यात कुणी काही बांधलं असेल, तर ते कुणाच्या जिवासाठी बांधलं आहे हे विचारल्याशिवाय सोडू नका. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून तर मुळीच नको.

गेल्या आठवड्यात भाऊराव माझी घंटा सोडायला लागले. म्हणाले, "मावशी, बैलाची आठवण आहे, घरी घेऊन जा."

सुंदराबाईंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे तिच्या गळ्यात," त्या म्हणाल्या. "बॅटऱ्या मिळाल्या नि पुन्यांदा चालली तर? रस्त्यावर बाया आस्त्यात."

मग त्यांनी सवयीनं घंटेला बोट लावलं, ती वाजली, आणि त्या काठी टेकत चालत घरी गेल्या.