दहा मिनिटांचा टायमर

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या ऑफिसात मीच चिकटवलं. सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी. शीतगृहाचा सर्व्हर नीट लावून दिला की कायम होणार होता. राहायलाही आमच्याकडेच. जेवताना आई टेबलफॅन त्याच्याकडे वळवायची आणि मी घामाघूम. माझं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

शीतगृह चार तासांवर, त्यामुळे काम इथूनच करायचं. थंडावा सांभाळणारी तीन आभासी मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरनेच बनवलेले संगणक, त्या एका सर्व्हरच्या पोटात. त्यांना बाहेर जोडायला नेटवर्क कार्डावर ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरचाच एक जोडपूल, बांधायचा. तो बांधला की सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता कार्डावरून उचलून ब्रिजवर ठेवावा लागतो, नाहीतर आपलंच दार आपल्यावर बंद. म्हणून आमच्याकडे आधी टायमर लावतात: दहा मिनिटांत आपण तो थांबवला नाही, तर सर्व्हर आपोआप जुन्या सेटिंगवर येतो.

त्याने नव्या सेटिंगची फाइल दाखवली. "दादा, एकदा नजर टाका ना."

पत्ता कार्डावरच राहिला होता. मला तिसऱ्या ओळीतच दिसलं.

"झकास," मी म्हणालो.

"टायमर लावतो मग."

आमचे साहेब मागेच उभे होते. मी मुद्दाम मोठ्याने हसलो. "काय जावईबापू, अंघोळीला जातानाही कमरेला दोरी बांधता का?"

साहेबही हसले. त्याचे कान लाल झाले. टायमर न लावताच त्याने एंटर दाबलं.

स्क्रीन गोठली. तो बिचारा एंटर दाबतच राहिला. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? तिकडे थंडावाही बंद पडला, आणि माणूस पोचेपर्यंत अर्धा माल नासला. संध्याकाळी साहेबांनी त्याच्याकडून ओळखपत्र काढून घेतलं.

घरी धाकटी दारातच उभी होती, डोळे सुजलेले.

"दादा, हे फोनवर म्हणाले, तू टायमर लाव म्हणून बजावलं होतंस, ह्यांनीच ऐकलं नाही. खरं का रे?"

तो वाकून बूट काढत होता. त्याने एकदाच वर पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि तिचा भाऊ तुटू नये म्हणून तो खोटं बोलला होता. मला लाज वाटली. मग त्या लाजेचाच राग आला.

"कितीदा सांगितलं गं," मी म्हणालो.

जेवायला बसलो. आईने फॅन माझ्याकडे वळवला.