मागची सीट

वाल्मिकला देवाने सगळं दिलं होतं, फक्त तोंडात 'नाही' हा शब्द घालायचा तेवढा राहून गेला होता. नागापूरच्या एमआयडीसीत त्याचं टेम्पो आणि बसच्या सीटा बनवायचं शेड होतं. कुणी म्हणालं, "शेठ, उद्या पाहिजे," की याचं आपलं, "हो हो, होऊन जाईल." मग रविवारीही शेडमध्ये. विजयमालाने अशा माणसाबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार केला. ती त्याच्या या होकारावर चिडायचीही आणि त्याच माणसावर जीवही टाकायची. दोन्ही एकाच वेळी करता येतं, लग्न झालेल्यांना ते सांगायला नको.

लेक ज्योती सासरी गेली, घर मोठं वाटायला लागलं, तेव्हा त्या दोघांनी एक बेत केला. आपल्याच गाडीने जंगलं बघायला जायचं. आधी मेळघाट, मग पेंच, मग नागझिरा आणि शेवटी ताडोबा. जंगलाच्या आत तिथल्या जिप्सीतून फिरायचं, पण एका जंगलापासून दुसऱ्यापर्यंत आपली गाडी, वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तिथे चहा. वाल्मिक चालवणार आणि ती शेजारी बसणार.

वाघाचं अप्रूप वाल्मिकला. विजयमालाचा सगळा जीव त्या शेवटच्या वाक्यात अडकला होता.

कारण पुढच्या सीटवर बसून ती कधी लांबच्या गावाला गेलीच नव्हती. लग्नानंतर देवदर्शनाला जीप केली, तर पुढे सासरे. नंतर गाडी घेतली, तर पुढे थोरले दीर, कारण त्यांचा मान. दीर नसतील तेव्हा कुणीतरी पाहुणा, कारण पाहुण्याचा मान. ही कायम मागे, मांडीवर पोर नाहीतर भाकरीचं गाठोडं. अठ्ठावीस वर्षांत तिला नवऱ्याची मान मात्र तोंडपाठ झाली. उजव्या कानाखालचा तीळ, शर्टाच्या कॉलरची घासलेली कड, आणि अलीकडे पांढरे झालेले केस. गाडी चालवताना तो शेजारून कसा दिसतो, हे तिला माहीतच नव्हतं.

तर बेत ठरला, बुकिंग झालं, आणि वाल्मिकने माती खाल्ली.

फोनवर तो व्याह्यांशी बोलत होता. व्याही म्हणजे ज्योतीचे सासरे, खर्ड्याचे सूर्यभानराव, मोठे बागाईतदार. बोलता बोलता वाल्मिक म्हणाला, "आमी जंगलं बघाया चाललोय इवाई. चला की तुमीबी!"

आता 'चला की' हे काय खरं आमंत्रण असतं? वाटेत भेटलेल्याला आपण 'चला जेवायला' म्हणतो, आणि त्यानेही 'हे काय, आत्ताच झालं' म्हणायचं असतं. सारा महाराष्ट्र या एका समजुतीवर सुखाने नांदतो. पण सूर्यभानराव पलीकडून म्हणाले, "येतो की! मागं सीट मोकळीच जाती का? हिलाबी घेतो."

आणि विहीणबाई येणार म्हटल्यावर देवळाली प्रवऱ्याहून वाल्मिकची थोरली बहीण छबूबाई म्हणाली, "तिला सोबत नगं का? मी येते. तसा बिबट्या आमच्या उसात फुकट दिसतो, पर तुमच्यासंगं येते."

झालं. पाच जणांची गाडी, पाच माणसं. सूर्यभानरावांना मागे बसलं की गाडी लागायची, म्हणजे पुढची सीट त्यांची. तीन बायका मागे. विजयमालाने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला पुन्हा तो तीळ दिसला.

"जंगलात आत जायची परवानगी दोघांच्याच नावावर हाय," तिने नवऱ्याला सांगून पाहिलं.

"ते म्हनले, आमी गेटवर चहा पीत बसू."

ती दोन दिवस गप्प राहिली. वाल्मिकला बायकोची बडबड सोसायची, गप्प बसणं सोसायचं नाही. शेवटी भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "मला वाघबिघ काय नगं. मला तुमच्याशेजारी बसून जायचं हुतं. एवढंच हुतं माझं." आणि लोणचं आणायच्या निमित्ताने ती उठून गेली.

वाल्मिकने मान खाली घालून जेवण संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन शेडवर गेला. दुपारी जेवायलाही आला नाही. रागावले असतील, विजयमालाला वाटलं. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? लेक दिलेलं घर. तिलाही ते कळत होतं. तिने डब्यात शंकरपाळे भरायला घेतले, पाच जणांना पुरतील एवढे.

रविवारी सगळे बेत पक्का करायला घरी जमले. जेवणं झाली. सूर्यभानराव ढेकर देत म्हणाले, "चला, डिकी किती मोठी हाय ते तरी बघू. आमची एक बॅग मोठी हाय."

वाल्मिक अंगणात गेला आणि त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. सगळे वाकून बघायला लागले.

आत सीट नव्हती. जिथे सीट होती तिथे लाकडी फळी, तिच्यावर जाडजूड गादी, गादीला निळं रेक्झिन, उशाला दोन लोड. एका बाजूला पाण्याच्या कॅनसाठी कप्पा.

"सीट कुटं गेली?" विहीणबाईंनी विचारलं.

"काढली," वाल्मिक म्हणाला. त्याने नजर बोटांकडे वळवली. बोटांना अजून ग्रीस होतं. "पहाटं गेटवर लई येळ थांबावं लागतं. हिची कंबर धरती. पडाया बरं."

सूर्यभानराव डोकं खाजवत उभे राहिले. मग त्यांचं लक्ष पुढे गेलं आणि चेहरा खुलला. "मंग असं करू, आपुन दोघं बाप्ये जाऊ!" म्हणत त्यांनी पुढच्या दाराच्या कडीला हात घातला.

विजयमाला आयुष्यात व्याह्यांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. पदर सावरत ती पुढे झाली. "इवाई, तिथं मी बसनार हाय."

विहीणबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. विजयमाला दारापासून हटली नाही. तिने वाल्मिककडे पाहिलं. आता हा 'हो हो, इवाई, बसा की' म्हणाला तर?

"व्हय," वाल्मिक म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "ती बसनार हाय."

आधी हसली ती छबूबाई. तिला हसताना दम लागायचा, तरी थांबेना. "आरं वाल्मिका! तोंडानं न्हाई म्हनता येईना, म्हनून नटबोल्टाच्या पान्यानं म्हनलास व्हय रं! जल्मभर दुसऱ्याच्या सीटा बसवल्यास, ही एकच काढलीस, पर झ्याक काढलीस!" मग तिने सूर्यभानरावांचा हात कडीवरून काढला. "चला पावनं. तुमाला बिबट्या मी दावते, आमच्या उसात. चहाबी मिळंल."

मग सूर्यभानरावही हसले. मोठा माणूस, पण मनाने वाईट नव्हता. 'चला की' ला 'नको, तुमीच जाऊन या' म्हणायचं असतं, हे त्यांना आत्ता आठवलं असावं.

पाहुणे गेल्यावर वाल्मिक म्हणाला, "बसून बघ की. फोम नवा घातलाय."

ती बसली. पुढच्या सीटला कमरेपाशी त्याने हलकासा उंचवटा दिला होता, बरोबर जिथे तिचं दुखायचं तिथे. त्याने गाडी काढली, कॉलनीच्या कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लावली. वारा आत आला. ती आरशात बघत नव्हती, पुढे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

गिअर बदलताना त्याचे ओठ हलत होते. तिने कान दिला. तो बारीक आवाजात गाणं म्हणत होता. अठ्ठावीस वर्षांत तिला हे माहीत नव्हतं. मागच्या सीटवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

तिच्याकडे लक्ष जाताच तो लाजला आणि थांबला.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "म्हना की. ताडोबा लई लांब हाय."