वाचणारीची खुर्ची

त्या दिवशी पद्मजा शाळेतून घरी आली तेव्हा ओटीवरून मैनाचा आवाज येत होता. चपला काढता काढता तिने ऐकलं.

"डी. मग एन, त्याच्या डोक्यावर रेघ. मग यस. मग जागा सोडलीय. मग नुसत्या काड्या."

"किती?" अण्णांनी विचारलं.

"पाच. नाय, थांबा. सहा. शेवटच्या काडीला शेपूट हाय."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. मांजरीनं अंगाखाली घेतल्यावानी."

अण्णा हसले. तोंड भरून, खोकला येईपर्यंत हसले. पद्मजाने ओटीकडे न बघता स्वयंपाकघर गाठलं आणि चहाचं आधण ठेवलं.

अण्णा म्हणजे विष्णुपंत, तिचे वडील. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ते कर्जतजवळच्या दहिवलीच्या घरी येत, निवृत्त झाल्यावर तिथेच कायमचे राहायला आले. त्यांचं वेड म्हणजे एक बखर. सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा मठातल्या एका संन्याशाने ती लॅटिनमध्ये लिहिली होती. साऱ्या जगाचीच बखर. आदमापासून सुरुवात, मग ज्यूंचे राजे, मग रोमचे बादशहा, आणि शेवटी त्या संन्याशाच्या आपल्या राजाचा कारभार. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली पोथी केव्हाच हरवली. उरल्या तीन प्रती, तीन देशांतल्या तीन ग्रंथालयांत. अण्णांनी पत्रं लिहून लिहून तिन्हींचे फोटो मागवले होते. फोटोत सगळं उलटं दिसे, काळ्या कागदावर पांढरी अक्षरं. त्या तीन प्रतींवरून मूळ बखर कशी होती ते शोधून काढायचं, हे अण्णांचं काम. कॉलेजात असताना ते रविवारी करत, आता रोज.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने एक प्रत अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसरी प्रत डोळ्यांसमोर धरून फरक टिपायचा. टिपणारे अण्णा. वाचणारीसाठी टेबलाच्या पलीकडे वेताची एक खुर्ची होती.

त्या खुर्चीवर आधी पद्मजा बसायची.

चौदाव्या वर्षापासून. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी अण्णांनी तिला हाक मारली, "पमा, जरा अक्षरं वाचून दाखवतेस?" आणि तिचे रविवार भरून गेले. तिला कळत काही नव्हतं. ती अक्षरं वाचायची, अण्णा "हं, हं" म्हणायचे, पत्र्यावर आंब्याची पानं पडायची. पण एवढं अक्षर अक्षर वाचायचं आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊक नाही, हे तिला टोचू लागलं. तिने अण्णांच्या फळीवरून व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि आपल्या आपण शिकली. मॅट्रिकच्या सुट्टीत तिने एक अख्खं पान अण्णांना मराठीत सांगून दाखवलं. अण्णांना केवढा आनंद झाला! आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

पुढे एका पानावर घोळ झाला. प्रत करणाऱ्याने डुलकीत की काय, दोन राजांच्या नावांची अदलाबदल केली होती. पद्मजाला राजांचा क्रम पाठ होता. तिने जे हवं ते नाव वाचलं. आपण काही बदललं हे तिच्या लक्षातही आलं नाही. अण्णांच्या ते पुढे कधीतरी ध्यानात आलं.

"चूक तू दुरुस्त केलीस, पमा," ते म्हणाले. "आणि मला तर चूकच हवी होती. दोन प्रतींत एकच चूक असली की त्या एका घराण्यातल्या. चुकीवरूनच पोथीचं कूळ कळतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुला आता कळायला लागलं. कळणाऱ्याचे डोळे पुढे पळतात. वाचायला आता तू नको."

रागावले नव्हते. चष्म्याचा नंबर बदलला असं सांगावं तसं सांगितलं. पुढच्या रविवारी पद्मजा खुर्चीवर बसली नाही. अण्णा एकटेच दोन फोटो शेजारी ठेवून, पट्टी सरकवत काम करत राहिले. मुलीने लॅटिन सोडलं, इतिहासात पदवी घेतली, कर्जतच्या शाळेत नोकरी धरली. लग्नाची बोलणी झाली, मोडली, मग कोणी काढली नाहीत. बाप-लेकीचं बोलणं जेवणाबद्दल, औषधांबद्दल, वर्तमानपत्राबद्दल व्हायचं आणि चांगलं व्हायचं.

मैना आली ती अण्णा निवृत्त झाल्यावर. गावातलीच, नागू शेतकऱ्याची मुलगी. नवरा गजा कर्जत स्टेशनात कामाला, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडतात तिथे. मैना इंग्रजीतच मॅट्रिक नापास झालेली. अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता. अण्णांना सोन्यासारखं माणूस मिळालं. ती अक्षर लागलं नाही तर लागलं नाही म्हणे, त्या जुन्या लिपीत आय, एन, एम सारख्याच उभ्या काड्यांचे, तिथे नुसत्या काड्या मोजे. वाचून झालं की अण्णा तिला त्या पानाची गोष्ट मराठीत सांगत, आणि ती गालाला हात लावून ऐकत बसे. पद्मजा आतून ऐके. तिला त्या गोष्टी ठाऊक होत्या. तिला त्या कोणी अशा सांगितल्या नव्हत्या.

सगळ्यात वाईट लावणीचे दिवस. मैना शेतात असे, खुर्ची रिकामी. अण्णा पेन्सिलीला टोक काढत बसत, काढलेल्या टोकाला पुन्हा टोक काढत. पद्मजा ओटीवरून जाई, काम नसताना परत येई. अण्णा म्हणत, "लावणी आटपली की येईल ती."

तर त्या दिवशी तिने चहा नेऊन ठेवला. मैना पदर सावरत उठली.

"ताई, आज तुमचे अण्णा लय हसले. बामनाला असं हसवलं म्हंजे पुण्य लागतं का पाप?"

"हसवायला कुणी सांगितलं होतं? अक्षरं वाचायला येतेस ना?" पद्मजा म्हणाली.

"अगं पमा, तिची ती शेपटी ऐकलीस का," अण्णा म्हणाले आणि पुन्हा हसू लागले.

पद्मजाने ऐकली होती. "चहा गार होईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठले नाहीत.

माणसं जमली. पद्मजाने सगळं केलं. डॉक्टरांना आणवलं, भावकीत निरोप धाडले, आलेल्यांना बसायला सतरंज्या दिल्या. मैना मात्र अंगणात आली ती बांध फुटल्यासारखी रडत आली. "अण्णा, आता कोणाला वाचून दाखवू हो," म्हणून तिने खांबाला मिठी मारली. बायकांनी तिला धरलं, पाणी पाजलं. येसूबाई शेजारीण पद्मजाजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोटच्या लेकीवानी रडली गं." मग कोणाशी बोलतोय हे लक्षात येऊन ती गप्प झाली. पद्मजाने तिलाही सतरंजी सरकवून दिली.

दिवसकार्य झाल्यावर मधू आला. अण्णांचा जुना विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात शिकवत होता. त्याने कागद चाळले.

"पद्मजाताई, हे छापायचं मी बघतो. जगात कुणी केलेलं नाही असं काम आहे. पण शेवटचा राजा राहिलाय. थोडीच पानं आहेत, पण अर्धवट ताडून पाहिलेलं कोणी छापणार नाही. आमच्याकडे आता लॅटिनला मुलंच नाहीत. तुम्हाला येतं, असं सर म्हणायचे."

"येतं," पद्मजा म्हणाली. "मी करीन."

"वाचायला त्या मैनाबाई..."

"लागणार नाही."

शाळेतून आली की ती टेबलाशी बसू लागली. अण्णांच्या बाजूला नाही, पलीकडच्या वेताच्या खुर्चीवर. दोन फोटो, पट्टी, टोक काढलेली पेन्सिल. भाषा गंजली होती, ती हळूहळू मोकळी झाली. राजा आजारी पडला, राजाने मुलांना बोलावलं, मुलं भांडली. तिला ते सगळं सहज उमगत होतं, आणि इतक्या वर्षांनी उमगतंय याचं सुख वाटत होतं. तिने भराभर पानं उलटली. फरक फारसे निघाले नाहीत. मग खात्री करावी म्हणून पहिलं पान तिने पुन्हा घेतलं, या वेळी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. एका प्रतीत एक ओळच्या ओळ गळली होती. आधी ती तिला दिसलीच नव्हती. दुसऱ्या प्रतीतली ओळ तिने मनानेच इथे भरली होती. एका शब्दात दोन अक्षरं उलटी होती, तीही तिने सुलटी करून वाचली होती. तिने दुसरं पान पाहिलं. तिथेही तेच.

अण्णांचं म्हणणं खरं होतं. त्यांचं खरं होतं याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिने फोटो गोळा केले, पुन्हा पसरले. नाही केलं तर मधूला कळवायचं, जमलं नाही. अण्णांचं जन्माचं काम कपाटात जाईल. केलं तर त्या बाईला बोलवायचं, आपल्या तोंडाने.

मैना शेतात होती. भात निघालेल्या खाचरात वाल पेरलेला, ती शेंगा तोडत होती. पद्मजा बांधावर उभी राहिली.

"मैना, थोडी पानं राहिलीत. वाचायला येशील का?"

मैनाने ओच्यातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. वर बघितलं नाही.

"मला नाय जमायचं, ताई."

"का गं? गजा काही म्हणतो का?"

"तो काय म्हणतोय. तो म्हणतो, पाद्र्याचं वाचून वाचून तू देवळाची वाट इसरशील." ती हसली, पण लगेच थांबली. "तुमीच करा. तुमाला कळतं."

"मला कळतं म्हणूनच जमत नाही," पद्मजा म्हणाली. "अण्णांसाठी ये."

मैना दुसऱ्या दिवशी आली. खुर्चीजवळ घुटमळली. पद्मजा टेबलाला वळसा घालून अण्णांच्या जागी जाऊन बसली आणि मैना वेताच्या खुर्चीवर.

"आर. ई. यक्स. जागा. मग काड्या, चार..."

आवाज तोच होता. पद्मजाची पेन्सिल चालू लागली. दहा-पंधरा मिनिटांत तिला आतापर्यंत न दिसलेले किती फरक सापडले! पुढची पानंही तशीच गेली. असेच चार-सहा दिवस गेले आणि शेवटचं पान आलं. मैना वाचत होती. "ओ. बी. आय..." आणि थांबली.

"पुढे?"

मैनाचं बोट ओळीवर तसंच होतं आणि डोळे भरून आले होते.

पद्मजाने आपल्या फोटोत पाहिलं. त्या जागी राजा मेला होता. ती मैनाकडे बघत राहिली.

"तुला कळलं," ती म्हणाली. "मैना, तुला वाचता वाचता कळतं."

"समदं नाय." मैनाने पदराने नाक पुसलं. "पण हा शब्द परत परत यायचा. कुठला ना कुठला राजा मरायचाच की. तो आला की अण्णा पेन्सील खाली ठेवायचे, जराशीच. मग उचलायचे. असं बघून बघून कळायला लागलं. एक कळला की शेजारचा कळतो."

"आणि तू बोलली नाहीस."

"कशी बोलू? तुमाला कळायला लागलं तर तुमाला उठवलं. अख्ख्या गावाला ठाऊक हाय. मी गप बसले. कळत असलं तरी नाय कळत असं तोंड करून अक्षरं वाचायची. म्हणून तर परवा नको म्हणले तुमाला. म्हटलं, अण्णा नायत, आता ताई आपल्याला पकडतील."

पद्मजाला आपली मॅट्रिकची सुट्टी आठवली. आपण पान घेऊन धावत गेलो होतो. हिने लपवलं, आणि ही राहिली.

"म्हणजे अण्णांना कधी कळलंच नाही."

मैना म्हणाली, "कळलं होतं. त्या बिशपाच्या गाढवानं राजाचं फर्मान खाल्लं ना, तिथं मी हसले. अण्णांच्या आधी हसले. मग माझ्या ध्यानात आलं नि मी उठलेच, पिशवी घेतली. अण्णा म्हणले, बस खाली."

"आणि?"

"म्हणले, कळलं तर कळू दे. वाचताना लिवलंय तेच वाच म्हंजे झालं." मैनाने फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणले, एकदा एकीला उठवलं. ती परत जवळ बसली नाय. आता या खुर्चीवरनं मी कोणाला उठवणार नाय."

पद्मजाने पेन्सिल खाली ठेवली. अण्णांना चुटपुट लागली होती. ती त्यांनी बोलून दाखवली, आणि दाखवली ती हिच्याजवळ. पद्मजाच्या वाट्याचं होतं ते हिला मिळालं, इथे, या टेबलाशी, आणि पद्मजा तेव्हा भिंतीपलीकडे कणीक मळत असेल.

"मला तुझा हेवा वाटायचा, मैना."

"ठाऊक हाय," मैना म्हणाली. "माझ्या चहात साखर कमी असायची."

पद्मजाला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच, रडू आलं. तिने ते अडवलं नाही. मैना खुर्चीवरून उठू लागली तसं तिने हातानेच बस म्हणून खुणावलं.

"ते म्हणाले, ती परत जवळ बसली नाही," पद्मजा म्हणाली. ती मैनाकडे बघत नव्हती, समोरच्या काळ्या कागदाकडेही नाही. "मी रुसले नव्हते, अण्णा. मी वाट बघत होते. एवढी वर्षं रोज, स्वयंपाकघरात बसून, तुम्ही हाक माराल म्हणून. तुम्ही नुसतं पमा म्हणाला असतात ना, तर पिठाचे हात तसेच घेऊन आले असते मी."