कागदाएवढी फट

मित्रांनो, मी मोटरसायकलचे जुने इंजिन आहे. एका जागी बसणे माझ्या स्वभावातच नाही. तरीही कित्येक वर्षे मी पत्र्याच्या शेडमध्ये, फाटक्या ताडपत्रीखाली काढली. रस्त्यावरून कुणाची गाडी गेली की माझा जीव खालीवर व्हायचा.

मला ओतले, तासले तो कारखाना आता धूसर आठवतो. स्पष्ट आठवतात ते अण्णा. पाण्याच्या पंपांची दुरुस्ती हे त्यांचे काम. या पंपावरून त्या पंपावर मी त्यांना पळवायचे. मागच्या सीटवर बरेचदा त्यांची बायको असायची, शिवलेले कपडे पोचवायला निघालेली. घरात तिला सगळे आईच म्हणत.

माझ्यात एकच खोड होती. माझ्या सांध्यांतून तेल झिरपायचे. शेजारी हसायचे, "अण्णा, तुमची गाडी जिथे जाते तिथे सही करून येते!" अण्णा ओशाळायचे. शेवटी एका मिस्त्रीने मला उघडले. सांध्यांत बसवलेली कागदी अस्तरे, म्हणजे जुनी पॅकिंग, त्याने नीट खरवडलीसुद्धा नाहीत. सगळ्या सांध्यांना त्याने सिलिकॉनचा चिकट लेप बोटबोटभर फासला. "आता थेंब पडला तर नाव बदलीन," म्हणाला.

थेंब पडला नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले. पण जेवढे सिलिकॉन बाहेर आले, तेवढेच आतही दबले होते. बाहेरचे त्याने पुसले, आतले लोंबत राहिले. मला ते सतत खुपायचे, पण सांगणार कुणाला?

एका चढावर त्यातला एक तुकडा सुटला आणि तेलाच्या वाटेत जाऊन बसला. वरचे भाग कोरडे पडले, पिस्टन अडकला, मागचे चाक जागीच थांबले. अण्णा आणि आई रस्त्यावर फेकले गेले. आईचे मनगट मोडले. ते पुढे जुळले, पण वाकडेच.

"त्या दिवशी मी तेल बघितलं नव्हतं," असे अण्णा म्हणायचे. कुणी विचारले नाही तरी म्हणायचे. त्यांनी पुन्हा कुठल्याही गाडीला हात लावला नाही.

त्यांची लेक मोठी झाली आणि त्याच पंपांवर फिटर म्हणून लागली. एका सुटीच्या दिवशी तिने ताडपत्री ओढली आणि मला उघडले. खालून जुने तेल काढून मोजले, ते पुरेसे निघाले. मग तेलाच्या वाटेत तार घातली. वळवळत बाहेर आला तो रबरासारखा झालेला सिलिकॉनचा तुकडा.

"अण्णा, तेल होतं! हे बघा काय अडकलं होतं ते."

अण्णांनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पण भीती गेली नव्हती. "आता कुठेच सिलिकॉन लावू नकोस," ते म्हणाले.

"दोन धातू थेट एकमेकांवर बसतात तिथे पॅकिंग नसतंच, अण्णा. तिथे लावावंच लागेल. पण पातळ, पुसल्यासारखं. बाकी ठिकाणी कागदाचंच पॅकिंग. वर इंजिनच्या डोक्याला तांब्याचं पॅकिंग, तापवून मऊ केलेलं."

तिने अडकलेला पिस्टन सोडवला, सारे सांधे आरशासारखे स्वच्छ केले. मला धीर निघत नव्हता. जाड कागदावर माझ्या झाकणाचा छाप घेऊन ती कापू लागली, पण कडा फाटत होत्या. दारात उभ्या आईने इतकी वर्षे माझ्याकडे पाहिलेही नव्हते. आता तिला राहवेना.

"उंदरानं कुरतडलंय की काय? आण इकडे!"

वाकड्या मनगटाने, थांबत थांबत, तिने तो कागद असा कापला की छिद्रावर छिद्र अचूक बसले.

नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले गेले. तिसऱ्या किकला मी सुरू झाले. खाली कोरा कागद अंथरला होता. अण्णा त्याकडे डोळे लावून बसले. मी तापले, धडधडले, थांबले. कागद कोराच होता.

"चल, बस मागे," लेक आईला म्हणाली.

"मागे मी आता बसायची नाही."

अण्णांची मान खाली गेली.

"मला चालवायला शिकव," आई म्हणाली.

मित्रांनो, वरून चोपडलेले दिसायला छान दिसते, पण आत काय लोंबते आहे तेही बघा. जुना थर खरवडा, जागा ओळखा, हवे तेवढेच लावा. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, म्हणून तुम्ही उघडून बघायला हवे. आता मला जास्त थांबवू नका. आई क्लच सोडते आहे, आणि अण्णा शेजारून धावत ओरडत आहेत, "हळू सोड गं, हळू!"