आडवा चार्ट

फोन आला तेव्हा भरलेली गाडी काट्यावर उभी होती. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सिस्टर बोलत होत्या. "काका, लगेच या," एवढंच त्या म्हणाल्या. त्या आवाजावरून काकांना बायकोचं काय ते कळलं.

"गाडी काट्यावर आहे. एवढी उतरवतो आणि येतो," ते म्हणाले. त्यांनी वजन घेतलं, पावती छापली आणि ड्रायव्हरला दिली.

"काका, सही राहिली."

त्यांनी सही केली. मग चप्पल पायात सरकवून निघाले.

सव्वीस वर्षं ते मालाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर होते. सगळे त्यांना काटेकाकाच म्हणत. गेली दीड वर्षं ते घरीही वजनच घेत होते, बायकोचं. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन करून लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात झालेली. तिने लॅपटॉपवर एक्सेलची शीट केली. तारीख, वजन, शेरा आणि वर एक चार्ट. काका जमिनीवर बसून छोट्या काट्यावरचा आकडा वाचायचे.

"गाडी याही वेळी रिकामीच आली बघा," ती म्हणायची. "मालक ओरडणार."

"गप उभी राहा. तू हललीस की आकडा हलतो."

पुढे औषधांनी तिची बोटं बधिर झाली आणि टाइप करायचं काम काकांकडे आलं. तिने शेजारी बसून शिकवलं. "चार्ट मधे धरला की सरकतो. कोपऱ्यात धरला की लहानमोठा होतो. नुसती कड धरून ओढू नका, सगळा आकार बिघडतो."

एका रविवारी शेरा मावेना म्हणून त्यांनी तो रकाना रुंद केला. चार्ट त्याच रकान्यावर होता, तोही रुंद झाला. वजनाची रेघ जिन्यासारखी खाली येत होती, ती एकदम निवांत दिसायला लागली. काका बघत राहिले. आकडे तेच होते. आकड्याला हात लावणं त्यांच्याच्याने झालं नसतं, पण चौकट ओढली तर कुणाचं काही जात नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी ती उठून आत गेली की ते चार्टची उजवी कड धरून आणखी थोडी ओढायचे, आणि मग लॅपटॉप तिच्यापुढे धरायचे.

"बरं चाललंय की," ती म्हणायची. "फार काही उतरलेलं नाही."

"तेच तर सांगतोय."

ती वारल्यावर त्यांना हेच खात राहिलं. आपण तिला फसवलं. वेळ आहे असं समजून तिने कुणाशी बोलायचं ठेवून दिलं असेल, मुलीला काही सांगायचं राहिलं असेल, तर ते आपल्यामुळे. भेटायला येणाऱ्यांशी ते नीट बोलत आणि लोक गेले की भिंतीकडे बघत बसत.

पंधराएक दिवसांनी, तिच्यासाठी घरी आणलेली वॉर्डाची हवेची गादी परत करायला ते गेले.

"काका, बसा. चहा सांगू?"

"नको. गादी द्यायची होती. आणि तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही फार केलंत तिचं."

"काकूंनीच आमचं काम सोपं केलं," सिस्टर म्हणाल्या. "दर महिन्याला वजनाचा कागद द्यायच्या. औषधाचं माप त्यावरच ठरायचं." त्यांनी फाइल उघडली. कागदावरचा चार्ट अरुंद आणि उभा होता. रेघ धाडकन खाली येत होती.

"हा आमचा नाही," काका म्हणाले. "आमचा आडवा आहे."

सिस्टर हसल्या. "ठाऊक आहे मला. काकू लॅपटॉप घेऊन यायच्या, सलाइन चालू असताना हा आम्ही दोघींनी इथे बसून केला. त्या सांगायच्या, मी माउस धरायचे. मी म्हटलं, काकू, घरी एक आहे ना, मग दुसरा कशाला? तर म्हणाल्या, तो ह्यांचा आहे. त्यांना आडवा आवडतो. ओढून झाला की त्या दिवशी दोन घास जास्त जातात त्यांना."

काकांनी कागदावरची तारीख बघितली. त्यांनी पहिल्यांदा रकाना रुंद केला, तोच महिना होता.

"म्हणजे तिला सगळं..."

"सगळं. मुलीशीही त्या इथूनच बोलून घ्यायच्या, फोनवर. तुम्ही काट्यावर असताना."

काका खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "सांगा आता तो चहा."

चहा होईपर्यंत सिस्टरांनी विचारलं, "काका, ती शीट कोरी करून द्याल? नवीन पेशंट येतात, घरच्यांना कसं लिहायचं ते कळत नाही."

"देतो की," काका म्हणाले. "त्यात काय एवढं."

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. शीटच्या खाली दुसऱ्या पानाची पट्टी होती, ती त्यांनी आजवर कधी दाबलीच नव्हती; आज दाबली. उभा चार्ट तिथे होता. त्यांनी फाइलची प्रत काढली. प्रतीत उभा चार्ट कोपऱ्यात धरून थोडा मोठा केला, मधे धरून बाजूला सरकवला, म्हणजे शेरा झाकला जाणार नाही. पहिल्या पानावरचा आडवा चार्ट काढून टाकावा असं एकदा मनात आलं, पण तो त्यांनी राहू दिला. कुणाच्या तरी घरी तोही लागेल.

मग तिचं नाव पुसलं, तारखा पुसल्या. दोन दिवसांनी शेरेही पुसले. आता महिना होत आला. वजनाचा रकाना तेवढा पुसायचा राहिला आहे.